इसार घेण्याआधी

पत्र : अण्णा 58 वर्षांचे आहेत. 14 वर्षांपासून शुगर, 8 वर्षांपासून बीपी. किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन दोन वर्षांपूर्वी 2.6 होतं, आता 4.2 आलंय. किडनी किती काम करते ते दाखवणारा ई-जीएफआर 16. मिरजेचे डॉक्टर म्हणतात, डायलिसिससाठी हाताच्या शिरेचा फिश्चुला करून घ्या आणि प्रत्यारोपणाचा विचार सुरू करा. आई 52 वर्षांची आहे, किडनी द्यायला तयार आहे, पण अण्णा ऐकत नाहीत. तिच्या अंगाला सुरी लावून मला जगायचं नाही, म्हणतात. इकडे मामांनी एका मोठ्या शहरातल्या स्टेम सेल सेंटरचं माहितीपत्रक आणलंय. बाळाच्या नाळेतल्या पेशींची तीन इंजेक्शनं, साडेपाच लाख रुपये. किडनी आतून नवी होते, असं तिथले लोक फोनवर सांगतात. नदीकडचं एक एकर काढायचं ठरलंय, पुढच्या आठवड्यात इसार घ्यायचाय. हे विज्ञान खोटं आहे का? मी आडवी आले आणि अण्णांचं काही बरंवाईट झालं तर घरचे मला माफ करणार नाहीत, आणि मीही स्वतःला करणार नाही.
– एक लेक, सांगली जिल्हा

ताई, आधी सरळ उत्तर देते. इसार घेऊ नका. निदान हे पत्र अण्णा, आई आणि मामा यांच्यासमोर मोठ्याने वाचून होईपर्यंत तरी नको.

आता तुमचा प्रश्न. विज्ञान खोटं नाही. मी 30 वर्षं किडनीच्या रुग्णांमध्ये काढली आहेत, आणि खराब झालेली किडनी दुरुस्त करता येईल का, या संशोधनाकडे मी आजही आशेने बघते. पण त्या संशोधनात नेमकं काय झालंय आणि त्या माहितीपत्रकात काय लिहिलंय, यात फार अंतर आहे. ते अंतर समजून घेण्यासाठी किडनी आतून कशी असते ते थोडं बघू.

किडनीचं काम नेफ्रॉन नावाच्या गाळण्यांवर चालतं. एका किडनीत सरासरी दहा लाख. प्रत्येक गाळणीत अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो आणि त्याला जोडलेली एक लांब नळी. या गाळण्या आईच्या पोटातच तयार होतात. गर्भारपणाच्या 36व्या आठवड्याच्या सुमारास ते काम संपतं आणि त्यानंतर माणसाच्या शरीरात एकही नवीन नेफ्रॉन बनत नाही. नळीच्या आतलं अस्तर मात्र पुन्हा भरून येऊ शकतं. म्हणूनच जुलाब-उलट्या, लेप्टो किंवा सर्पदंशाने अचानक बंद पडलेली किडनी कितीतरी वेळा काही आठवड्यांत पूर्ववत होते. तुमच्या पंचक्रोशीत असा एखादा माणूस असेलच, चार-सहा डायलिसिस झाले आणि नंतर ठणठणीत होऊन शेतावर गेला. मामांच्या डोळ्यांपुढे कदाचित तोच असेल. त्यांच्या आशेला मी नावं ठेवणार नाही.

अण्णांचं दुखणं वेगळं आहे. 14 वर्षांच्या शुगरने गाळणीचा मुख्य भागच झिजतो. तिथल्या पेशी गेल्या की त्यांच्या जागी सहसा नवीन येत नाहीत, हळूहळू कडक व्रण तयार होतो, आणि त्या गाळणीला जोडलेली नळीही सुकत जाते. तुम्ही नदीकाठचे, तुम्हाला एका वाक्यात कळेल : जमीन चिबड झाली की कितीही चांगलं बियाणं टाका, उगवण होत नाही. आधी निचरा लागतो, मीठ बाहेर जावं लागतं. व्रणाने भरलेल्या किडनीचा निचरा कसा करायचा, याचं उत्तर अजून जगात कुणाच्या हाती आलेलं नाही.

निसर्गात उत्तर आहे, ही गंमत. झेब्राफिश नावाचा बोटभरही नसलेला पट्ट्यापट्ट्यांचा मासा असतो. त्याची किडनी दुखावली तर तो मोठेपणीही नवे नेफ्रॉन बनवतो. आपल्या पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतही या माशावर पुनर्निर्मितीचं काम चालतं. माशाला जमतं ते माणसाला का जमत नाही, हा प्रश्न घेऊन जगभर माणसं आयुष्य घालवत आहेत. 2015 मध्ये मेलबर्नच्या मेलिसा लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, प्रयोगशाळेच्या ताटलीत किडनीच्या ऊतीचे इवलेसे गोळे वाढवले. त्यांत नेफ्रॉनसारखी रचना होती. पण ते काही मिलिमीटरचे, गर्भातल्या किडनीइतके कच्चे. त्यांना शरीराचा रक्तपुरवठा नाही आणि तयार झालेली लघवी बाहेर न्यायला वाट नाही. त्याआधी 2013 मध्ये बॉस्टनमध्ये हॅराल्ड ऑट यांच्या गटाने उंदराची किडनी साबणासारख्या द्रावणाने धुऊन तिचा नुसता सांगाडा ठेवला, त्यात नव्या पेशी भरल्या, आणि त्या किडनीने थोडीशी लघवी केली. मी ते वाचलं त्या दिवशी माझ्या डायलिसिस विभागातल्या प्रत्येक खाटेकडे वेगळ्या नजरेने पाहिलं होतं. तरीही तो उंदीर होता. तिथून माणसापर्यंतची वाट अजून संपलेली नाही.

आणखी एक वाट आहे : रुग्णाच्याच किडनीचा सुईने छोटा तुकडा काढायचा, त्यातल्या निवडक पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि पुन्हा त्याच किडनीत टोचायच्या. मधुमेही रुग्णांवर याची चाचणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेली आहे. नवी किडनी करायची असा तिचा दावाही नाही. उरलेली किडनी जास्त दिवस टिकवायची, एवढाच हेतू.

आता मामांच्या माहितीपत्रकातली इंजेक्शनं. नाळेतल्या, अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या ज्या पेशी अशा ठिकाणी वापरतात, त्या शिरेतून दिल्या की बहुतेक पेशी फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत मरून जातात. त्या किडनीत जाऊन रुजतात आणि त्यांचे नेफ्रॉन होतात, असं घडत नाही. मरण्याआधी त्या जी रसायनं सोडतात त्यांनी सूज कमी व्हावी, व्रण पडण्याचा वेग मंदावावा, अशी संशोधकांची अपेक्षा आहे. ती अपेक्षा तपासायला युरोपात मधुमेहाच्या किडनी रुग्णांवर नेफस्ट्रॉम नावाची चाचणी झाली, 2023 मध्ये तिचा निकाल छापून आला. रुग्ण किती होते? 16. बारा जणांना पेशी दिल्या, चौघांना पेशी नसलेलं इंजेक्शन. दीड वर्ष लक्ष ठेवल्यावर पेशी मिळालेल्यांची किडनी जरा कमी वेगाने उतरताना दिसली. संशोधकांनी स्वतःच याला प्राथमिक निष्कर्ष म्हटलं. तुलनेला सांगते, डापाग्लिफ्लोझिन नावाची गोळी किडनी वाचवते हे 2020 मध्ये सिद्ध झालं ते 4,304 रुग्णांच्या चाचणीत. आज तिच्या स्वस्त गोळ्या आपल्याकडे मिळतात. ती गोळी विकायला कुणी चकचकीत माहितीपत्रक घेऊन गावोगाव फिरत नाही.

पत्रासोबत तुम्ही त्या पत्रकाचा फोटो पाठवलाय. त्यात एका रुग्णाचं क्रिएटिनिन 4.9 वरून 3.8 वर आल्याचं मोठ्या अक्षरांत छापलंय. हा आकडा बारकाईने बघा, कारण सगळा विश्वास त्याच्यावर उभा आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. आजाराने माणूस खंगला, स्नायू झिजले की किडनी तितकीच खराब राहूनही आकडा उतरतो. मटण-मासळी बंद केली तरी उतरतो. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तपासणी केली आणि मग सलाइन लावून पुन्हा केली, तरीही उतरतो. आणि सर्वांत वाईट प्रकार : टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्या बंद केल्या तर काही आठवडे क्रिएटिनिन खाली दिसू शकतं. या गोळ्या गाळणीवरचा दाब कमी करून तिला वाचवत असतात, त्यामुळे आकडा किंचित वर राहतो. गोळी काढली, आकडा उतरला, घरचे खूश झाले, आणि आत गाळणीवरचा मार पुन्हा सुरू झाला. फोनवरच्या माणसाला एवढं विचारा, की तुमच्या उपचारात आधीची कुठली औषधं बंद करायला सांगता, आणि दोन वर्षांनी तुमच्या किती रुग्णांना डायलिसिस लागलं, ते लिहून द्याल का?

नुकसान नुसतं पैशांचं असतं तर मी इतकं कळवळून लिहिलं नसतं. 2010 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात थायलंडमधल्या एका महिलेची हकिकत छापून आली. ल्युपस या आजाराने तिची किडनी बिघडली होती. एका खासगी ठिकाणी तिच्याच रक्तातल्या मूलपेशी थेट किडनीत टोचल्या. जिथे टोचल्या तिथे गाठी वाढल्या, किडनी काढावी लागली, आणि पुढे जंतुसंसर्गाने ती गेली. नाळेच्या पेशींत आणखी एक धोका आहे, तो अण्णांसाठी जास्त महत्त्वाचा. त्या दुसऱ्या जिवाच्या पेशी. त्या शरीरात गेल्या की त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि उद्या आईची किडनी जुळवायला गेलात तर तीच आडवी येऊ शकतात. बाहेरचं रक्त चढवण्याबाबतही हाच विचार असतो. म्हणून हिमोग्लोबिन कमी आलं तर रक्त चढवण्याआधी लोह आणि रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनाबद्दल नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, आवर्जून विचारा.

कायद्याचं बोलायचं तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचना अगदी स्पष्ट आहेत. रक्ताचे काही ठरावीक आजार वगैरे सोडले, ज्यांत अस्थिमज्जा प्रत्यारोपण करतात, तर बाकी आजारांसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच देता येतो आणि त्या चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. हा शेवटचा नियम घरात सगळ्यांना पाठ करायला लावा. ते साडेपाच लाख मागताहेत, यातच तुमचं उत्तर आहे. त्यांनी चाचणी आहे असं सांगितलंच तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. ही देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर कुणालाही बघता येते. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे.

आता एक प्रसंग. नाव-गाव सांगणार नाही. एका रात्री दोनच्या सुमाराला एका शेतकऱ्याला आणलं. तोंड सुजलेलं, झोपवलं की श्वास कोंडायचा म्हणून उकिडवा बसलेला. पोटॅशियम 7 च्या वर. अशा वेळी हृदय कधीही थांबू शकतं. मुलाच्या हातात एक जाड फाइल होती, प्लास्टिकच्या पाकिटांत नीट लावलेल्या इंजेक्शनांच्या पावत्या. मी ती चाळत गेले तर सगळ्यात तळाशी आमच्याच विभागातला सात महिन्यांपूर्वीचा कागद सापडला : फिश्चुला करून घ्यावा, प्रत्यारोपणाबद्दल कुटुंबाशी बोलावं. त्या सात महिन्यांत ते तीन वेळा एका सेंटरला जाऊन आले होते. आम्ही मानेत नळी घालून डायलिसिस केलं, माणूस वाचला. पण बहीण किडनी द्यायला तयार असताना शस्त्रक्रियेनंतरच्या औषधांसाठी घरात पैसा उरला नव्हता. मुलगा मला म्हणाला, “मॅडम, आम्ही काही केलं नाही असं कुणी म्हणू नये म्हणून केलं हो सगळं.” ते वाक्य मी विसरले नाही. तुमचं पत्र वाचताना तेच ऐकू आलं.

ताई, अण्णांचा ई-जीएफआर दोन वर्षांत 28 च्या आसपासून 16 वर आलाय. म्हणजे वर्षाला सहा. हाच वेग राहिला तर डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची वेळ वर्ष-दीड वर्षावर आली आहे, कदाचित त्याच्याही आधी. एकर गेलं तर उद्या कधीतरी परत घेता येईल, हे महिने परत येणार नाहीत. आणि हेच महिने सोन्याचे आहेत, कारण डायलिसिस सुरू होण्याआधीच नातेवाईकाची किडनी बसवता येते, आणि असं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांचं पुढचं आयुष्य साधारणपणे जास्त चांगलं जातं.

फिश्चुलाला अण्णा घाबरत असतील. हाताची एक शीर आणि एक धमनी जोडतात, छोटी शस्त्रक्रिया असते. मग शीर जाड व्हायला दीड-दोन महिने लागतात, कधी जास्तही, म्हणून आधी करायची. झाल्यावर त्यावर बोट ठेवलं की मांजर मांडीवर घुरघुरतं तशी थरथर लागते. ती रोज सकाळी तपासायची, थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. अण्णा उजव्या हाताने काम करत असतील तर आजपासूनच डाव्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका. कंपाउंडर शीर सापडेल तिथे सुई घालतो, त्याला ठामपणे दुसरा हात पुढे करा. अंगदुखीची डायक्लोफिनॅकसारखी गोळी बंद, जडीबुटीवाल्याचं भस्म बंद. भेटायला येणारे शहाळी आणतात, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. ती तुम्ही प्या, अण्णांना नको. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर मनाने थांबवू नका. नसेल तर आता नव्याने सुरू करण्याची वेळ बहुधा गेली आहे, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

खर्चाचं : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि किडनी प्रत्यारोपण दोन्ही बसतं. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला आधी भेटा. प्रत्यारोपणानंतरची औषधं आयुष्यभर चालतात, त्यांचा महिन्याचा खर्च आधीच विचारून ठेवा. जमीन विकायचीच वेळ आली तर ती त्यासाठी राखून ठेवलेली बरी. पत्नी दाता असेल तर कायद्याने ती जवळची नातेवाईक ठरते, पण लग्नाचा पुरावा लागतो. जुन्या लग्नांची नोंदणी नसते, तेव्हा लग्नातले फोटो, पत्रिका जे असेल ते शोधायला लागा. रक्तगट जुळला नाही तरी वाट संपत नाही, दोन कुटुंबांमध्ये दात्यांची अदलाबदल कायद्याने करता येते. घरात कुणीच दाता नसेल तेव्हा मृत दात्याच्या किडनीसाठी इस्पितळामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समितीकडे नाव नोंदवायचं असतं.

आणि आई. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहत आले आहे. त्यामुळे अण्णांच्या नकाराबद्दल मला आदर वाटतो. नवऱ्याने तरी असं म्हणावं! पण तुम्ही आईशी एकटीने बोला. घरातले बाकी कुणी नसताना. तिला खरंच द्यायची आहे का, की नाही म्हणायची सोय नाही म्हणून हो म्हणते आहे? ती नाही म्हणाली तर ते घरात कुणाला कळणारही नाही अशा बेताने सांगता येतं, डॉक्टर त्यात मदत करतात. आणि ती मनापासून हो म्हणत असेल तर अण्णांना हे सांगा : तिची शुगर, बीपी, दोन्ही किडन्यांचं काम, सगळं तपासून, तिला धोका कमी आहे अशी खात्री झाल्यावरच डॉक्टर पुढे जातात. नाही तर तेच तिला परत पाठवतात. शस्त्रक्रिया म्हटली की थोडा धोका राहतोच, तो तिला समजावून सांगतात. शिवाय एक किडनी काढली की उरलेली आकाराने वाढते. नवे नेफ्रॉन येत नाहीत, पण असलेले मोठे होऊन जास्त काम उचलतात, आणि काही महिन्यांत आधीच्या दोन्ही मिळून होतं त्याच्या साठ-सत्तर टक्के काम ती एकटी करू लागते. किडनीच्या अंगी वाढून घेण्याची जी ताकद आज खरोखर उपयोगी पडते, ती ही.

तुम्हाला माफ न करण्याचं म्हणाल, तर तुम्ही अण्णांचा उपचार अडवत नाही आहात. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेला उपचार तुम्ही पुढे रेटताय, घरात तुम्ही एकट्याच ते करताय. मामांवर चिडू नका, त्यांना बरोबर घ्या. पुढच्या तपासणीला त्यांनाच अण्णांसोबत पाठवा, माहितीपत्रकासकट, आणि डॉक्टरांना जे विचारायचं ते त्यांनाच विचारू द्या.

आईचा रक्तगट अजून तपासलेला नाही, असं पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय. तालुक्याच्या लॅबमध्ये तो त्याच दिवशी कळतो. उद्या तेवढं करून घ्या आणि मला लिहून कळवा.